मराठी-कन्नड-हिंदीवर तुलनात्मक पीएच.डी. करायची तर किती भाषा याव्या लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मराठीतून एम.ए. झालेत, गाव गडहिंग्लजच्या बाजूचं. घरात मराठी, बाजारात कन्नड. कन्नड समजते, पण बोलताना अडायला होतं. 'मराठी, कन्नड व हिंदी भाषांचा तौलनिक अभ्यास' असा विषय पीएच.डी.साठी मनात आहे. तिन्ही भाषा अस्खलित याव्याच लागतात का, भाषाविज्ञानाची पदवी नसताना हे झेपेल का आणि सिनॉप्सिसमध्ये नेमकं काय लिहायचं, हे त्यांना हवं आहे.

मी सीमाभागातली मराठी आणि तिच्या शेजारच्या भाषा यांवर बरीच वर्षं काम करते, अधूनमधून असे प्रबंध तपासायलाही येतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

किती भाषा याव्यात, हे ठरवायच्या आधी तुम्हाला काय शोधायचंय ते ठरवावं लागेल, कारण पहिल्याचं उत्तर सगळं दुसऱ्यावर अवलंबून आहे. तुम्ही दिलेलं शीर्षक तीन भाषांची नावं सांगतं, प्रश्न एकही सांगत नाही. अशा शीर्षकाचे प्रबंध कसे होतात ते पाहिलंय: एक प्रकरण मराठीच्या ध्वनींचं, एक कन्नडच्या, एक हिंदीच्या, मग नामं, मग क्रियापदं, आणि शेवटी साम्यभेदांचा तक्ता. मराठीत लिंगं तीन, हिंदीत दोन, मराठीत 'ळ' आहे, प्रमाण हिंदीत नाही. सगळं बरोबर असतं आणि सगळं आधीच कुठेतरी छापलेलं असतं. तक्ता भरून झाल्यावर 'मग काय?' असं तोंडी परीक्षेत विचारलं की उमेदवार गप्प होतो.

तक्ता का पुरत नाही, त्याचं एक उदाहरण देते. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं तर ऐकणाराही बरोबर येणार. 'आम्ही जेवायला जातोय' म्हटलं तर त्यानं आपलं आपण बघावं. हिंदीत दोन्हींना 'हम'. तमिळमध्ये हा भेद आहे ('नाम्' आणि 'नांगळ्'), तेलुगूत आहे ('मनं' आणि 'मेमु'). मग लिहून टाकलं जातं की मराठीत हा द्राविडी भाषांचा प्रभाव. तक्त्यात अगदी छान बसतं. पण मराठीशी सगळ्यात लांब सीमा आणि सगळ्यात जुना घरोबा असलेल्या द्राविडी भाषांत कन्नड पहिली, आणि आजच्या प्रमाण कन्नडमध्ये 'नावु' हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो. उलट गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' आहेत, आणि गुजरातीच्या शेजारी आज द्राविडी भाषा नाही. म्हणजे भेद तेलुगूकडून आला? कन्नडमधून तो जाण्याआधीच्या काळात आला? की मराठी-गुजराती दोघींच्याही खाली एखादा जुना थर होता? या तीन शक्यतांना तीन वेगळे पुरावे लागतात आणि त्यातला एकही तक्त्यात नसतो. शेजार आहे म्हणजे उसनवारी झालीच, असं धरून चालता येत नाही. या क्षेत्रात सगळ्यात जास्त घसरायला होतं ते इथेच.

दुसरी अडचण तुलनेच्या मापाची. आपण शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग शिकलो. मराठीसाठी ही हत्यारं चांगली आहेत. पण 'कन्नडमध्ये भावे प्रयोग आहे का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही, कारण प्रश्नच मराठीच्या मापानं शिवलेला आहे. मार्टिन हास्पेलमाथ यांनी २०१० मध्ये हा मुद्दा नीट मांडला: एका भाषेच्या व्याकरणातल्या संज्ञा वेगळ्या, आणि अनेक भाषांची तुलना करण्यासाठी संशोधकानं बनवलेल्या संज्ञा वेगळ्या. तुलनेसाठी प्रश्न असा हवा की तो कोणत्याही एका भाषेच्या पोटातून निघालेला नसेल. उदाहरणार्थ: 'भूतकाळातल्या सकर्मक वाक्यात क्रियापद लिंग, वचन, पुरुष कोणाकडून घेतं, करणाऱ्याकडून की ज्यावर क्रिया झाली त्याच्याकडून?' हा प्रश्न कन्नडला विचारता येतो, हिंदीला विचारता येतो, उद्या नेपाळीलाही विचारता येईल.

रूप सारखं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, हेही ओघानं आलंच. 'शिपायाने मुलीला पकडले' हे वाक्य घ्या. हिंदीत 'सिपाही ने लड़की को पकड़ा'. गुजरातीत 'सिपाईए छोकरीने पकडी'. मराठीतला आणि हिंदीतला 'ने' करणाऱ्याला लागलाय, गुजरातीतला 'ने' मुलीला. आणखी बारकाईनं बघा: मराठीत क्रियापद मुलीकडे पाहत नाही, नपुंसकलिंगी 'पकडले' होऊन बसतं, हिंदीतही ते पुल्लिंगी 'पकड़ा' राहतं, गुजरातीत मात्र मुलीला प्रत्यय लागलेला असूनही क्रियापद स्त्रीलिंगी होतं. एका वाक्यात तीन भाषा, तीन वागणुकी. अश्विनी देव आणि देवयानी शर्मा यांचा २००६ चा लेख नेमका या प्रकारच्या फरकांवर आहे आणि त्यात मराठी आहे. तुम्ही आधी तो वाचा, मग बाकीचं.

आता तुमच्या गावाकडे येऊ. तुमच्या भागात 'मी काम केलो', 'मी भाकरी खाल्लो' असं बोललं जातं. बेळगाव, निपाणीकडे तर सर्रास. तुम्ही स्वतः बोलत असाल आणि शाळेत त्यापायी बाईंचा ओरडाही खाल्ला असेल. प्रमाण मराठीत 'मी काम केलं', 'मी भाकरी खाल्ली': क्रियापद कामाच्या, भाकरीच्या मागे जातं. सीमाभागात ते 'मी'च्या मागे जातं. माझ्या मते तुमचा प्रबंध याच्यात आहे. हे असं का होतं, आणि कन्नडमुळे होतं का?

कन्नडकडे बोट दाखवणं सोपं आहे. 'नानु केलस माडिदे': 'माडिदे'च्या शेवटचा 'ए' म्हणजे 'मी'. कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद करणाऱ्याचंच ऐकतं, कामाचं कधीच नाही. तिथल्या मुसलमान घरांत बोलल्या जाणाऱ्या दखनीतही तसंच: 'मैं रोटी खाया', 'ने' गायब. प्रमाण हिंदीतलं 'मैंने रोटी खाई' तिथे ऐकू येत नाही. म्हणजे एका टापूतल्या तीन भाषा एकाच वळणावर आलेल्या दिसतात आणि मोह होतो की निकाल लावून मोकळं व्हावं.

पण थांबा. मराठीच्या आतही कारणं आहेत आणि ती तितकीच भक्कम आहेत. जुन्या मराठीत 'म्यां केले', 'त्वां केलेस' होतं. करणाऱ्या 'मी'ला आणि 'तू'ला वेगळं रूप होतं. खेड्यापाड्यांतून 'म्या नाय केलं' अजून ऐकू येतं. प्रमाण भाषेत ते रूप गेलं आणि 'मी गेलो' मधला 'मी' आणि 'मी केलं' मधला 'मी' दिसायला एक झाले. तिसऱ्या पुरुषात मात्र 'तो गेला' आणि 'त्याने केलं' असा फरक टिकून आहे. शिवाय प्रमाण मराठीत अशी बरीच क्रियापदं आहेत, जी कर्म असूनही कर्त्यामागे जातात: 'मी पाणी प्यालो', 'मी छत्री विसरलो', 'मी पोहायला शिकलो' आणि तसंच 'मी कन्नड शिकलो'. म्हणजे साचा घरात तयार आहे. 'विसरलो'च्या चालीवर 'केलो' म्हणायला कन्नड शेजारी असायलाच हवा असं नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते. 'तू भाकरी खाल्लीस' हे वाक्य सोडवून बघा. 'खाल्ल' हा भूतकाळाचा भाग. 'ई' भाकरीची, स्त्रीलिंगी एकवचनी. आणि शेवटचा 'स' तुमचा, म्हणजे 'तू'चा. एका क्रियापदात कर्म आणि कर्ता दोघंही बसलेत. आता रत्नागिरीकडे जा: 'त्यानं सांगितलंन', 'आईनं दिलंन'. तो शेवटचा 'न' तिसऱ्या पुरुषातल्या करणाऱ्याचा. म्हणजे कर्त्यानं भूतकाळी क्रियापदात शिरकाव करणं कोकणातही झालंय, आणि रत्नागिरीच्या बाजारात कन्नड नाही. वाट वेगळी, पण दिशा तीच. हे एक उदाहरण 'कन्नडच्या संपर्कामुळे झालं' या सिद्धांताला थेट आव्हान देतं, आणि म्हणूनच ते प्रबंधात पहिल्या प्रकरणात यायला हवं.

मग निवाडा कसा करायचा? दोन्ही स्पष्टीकरणांतून वेगवेगळी भाकितं निघतात, ती तपासायची. बदल मराठीच्या आतून आला असेल तर तो आधी 'मी' आणि 'तू'मध्ये दिसावा, कारण तिथे प्रत्यय उरलेला नाही. 'त्याने काम केलं' जागचं हलू नये. कन्नडच्या साच्यातून आला असेल तर कन्नडमध्ये क्रियापद तिन्ही पुरुषांत करणाऱ्याचंच ऐकतं, तिथे सगळेच सारखे. मग 'तो काम केला' हेही सापडायला हवं. दोन्ही सापडलं तर कोणतं कुठे, कोणत्या वयात, हे पाहायचं. क्रियापदांचंही तसंच: 'खाणे', 'बघणे', 'करणे', 'मारणे' सगळी एकदम बदलली आहेत की आधी काही विशिष्ट? ही यादी तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही, आणि ती केली तर पुढचे लोक तुमचं नाव घेतील.

संपर्क झाला म्हणजे कोणामुळे झाला, हाही वेगळा प्रश्न आहे. मराठी बोलणाऱ्यांनी कन्नडमधून उचललं की घरी कन्नड बोलणारे मराठी शिकले आणि त्यांनी आपली वाक्यरचना बरोबर आणली? थॉमसन आणि कॉफमन यांनी १९८८ मध्ये ही दोन प्रकरणं वेगळी करून दाखवली. उसनवारीत साधारणपणे शब्द आधी येतात. माणसं आपली भाषा सोडून दुसरी धरतात तेव्हा आधी रचना आणि उच्चार येतात. म्हणून तुमच्या माणसांमध्ये घरी फक्त मराठी असलेले, घरी कन्नड आणि शाळेत मराठी असलेले, आणि दखनीवाले असे तीन गट हवेत. नुसतं 'सीमाभागातले रहिवासी' चालणार नाही.

आता पहा, भाषा कशा आपोआप ठरल्या. कन्नड हवी, कारण संशय तिच्यावर आहे. दखनी हवी, कारण ती हिंदी-उर्दूच्या घरातली असूनही त्याच टापूत त्याच वळणावर आलीये. कोकणी हवी, कारण तिथे 'हांव' आणि करणारा 'हांवें' हा फरक पहिल्या पुरुषातही जिवंत आहे, आणि कारवार-मंगळूरकडे कोकणी पिढ्यान्पिढ्या कन्नडच्या सोबत नांदतेय. प्रत्यय टिकला असेल तिथे क्रियापदही कर्माकडेच राहिलं का, हे बघायला याहून चांगली जागा नाही. आणि प्रमाण हिंदी? तिचं या युक्तिवादात काही काम नाही. ती सगळ्यांना येते म्हणून यादीत घुसते. काढून टाका.

यातली कोणती भाषा किती यावी, ते कामावर ठरतं. मराठी तुमची आहेच. कन्नडमध्ये तुम्हाला रेकॉर्डिंग ऐकून कुठे क्रियापद, कुठे प्रत्यय हे सोडवता आलं पाहिजे, आणि रोजचं बोलणं चालवता आलं पाहिजे. साहित्य वाचता आलं नाही तरी बिघडत नाही. पण 'हे वाक्य कन्नडमध्ये चालतं की नाही' याचा निर्णय तुमच्या अर्धवट कन्नडवर कधीही घेऊ नका. तो कन्नडच मातृभाषा असलेल्यांचा, आणि एकाचा नव्हे, निदान वेगवेगळ्या गावच्या काही जणांचा. गावात एखादी कन्नड शिक्षिका किंवा पदवीचा विद्यार्थी सोबत घ्या, त्यांच्या वेळेचे रीतसर पैसे द्या आणि प्रबंधात त्यांच्या कामाचा उल्लेख करा. दखनी मराठी माणसाला समजते म्हणून ती 'येते' असं धरू नका. तिथेही हाच नियम. कोकणीसाठी प्रत्यक्ष क्षेत्रकार्य झेपलं नाही तर छापील व्याकरणांवर चालवता येईल, फक्त तसं स्पष्ट लिहा.

या टापूत काम करायचं तर कुपवाडचा अभ्यास वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. सांगली जिल्ह्यातलं हे गाव, आज सांगली-मिरजेबरोबर महापालिकेत गेलेलं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये लिहिलं की तिथल्या जैनांची कन्नड, मुसलमानांची उर्दू आणि मराठी इतक्या जवळ आल्या आहेत की वाक्य शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत नेता येतं. त्यांचं गाजलेलं वाक्य मराठीत असं: 'पाला जरा कापून घेऊन आलो.' उर्दूत 'पाला जरा काटके लेके आया'. कन्नडमध्येही हाच क्रम, फक्त शब्द कन्नड. चौथी भाषा तेलुगू, दोर वळणाऱ्या कुटुंबांची. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हे गाव गेलं. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनी तिथे पुन्हा काम करून त्या 'शब्दाला शब्द' दाव्याची कसून फेरतपासणी केली. हे दोन्ही लेख एकामागून एक वाचा. एकाच गावाकडे दोन पिढ्यांनी कसं पाहिलं, पहिल्यांना काय दिसलं आणि दुसऱ्यांनी कोणते प्रश्न विचारले, यातून पद्धत जितकी शिकता येते तितकी पद्धतीवरच्या पुस्तकांतून नाही.

आता रेकॉर्डिंग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचा डेटा इथेच नासतो.

वाक्यांची यादी घेऊन जाऊन 'याचं तुमच्या भाषेत काय म्हणाल?' असं विचारू नका. तुम्ही वही उघडली की समोरच्याला शाळा आठवते. सत्तरीतल्या आजीसुद्धा 'मी भाकरी खाल्ली' असं स्वच्छ सांगतात, आणि तुम्ही चहाला बसलात की नातवाला म्हणतात, 'मी कवाच खाल्ले, तू खा.' तुम्हाला दुसरं वाक्य हवंय. त्यासाठी लोकांना एकमेकांशी बोलू द्यायचं आणि आपण मागे सरायचं.

त्यातही प्रश्न कसा विचारता त्याला महत्त्व आहे. 'काल दिवसभरात काय काय केलंत?' असं विचारलं तर तुम्हीच 'केलं' त्यांच्या तोंडात घातलंत. उत्तर 'मी काम केलं' की 'केलो' यावर तुमच्या प्रश्नाची सावली पडली. त्याऐवजी 'कालचा दिवस कसा गेला?' अकर्मक क्रियापद, काही सुचवत नाही. पहिल्या पुरुषातल्या सकर्मक वाक्यांचा पाऊस पडायचा असेल तर लोकांना त्यांनी स्वतः हातानं केलेल्या गोष्टींबद्दल बोलतं करा: घर बांधलं ती हकिकत, लग्नातली धावपळ, २०१९ च्या महापुरात काय वाचवलं आणि काय सोडलं. पुराबद्दल विचारण्याआधी मात्र त्या घरात काय झालं होतं ते गावात विचारून घ्या. काहींना ते नको असतं आणि त्यांच्यावर ते लादायचं आपल्याला काही कारण नाही.

तिसऱ्या पुरुषासाठी वेगळी युक्ती लागते. बर्कलीत १९७५ मध्ये वॉलेस चेफ यांनी नाशपात्या तोडणाऱ्या माणसाची आणि त्या चोरणाऱ्या मुलाची सहाएक मिनिटांची मूकफीत बनवून घेतली. ती दाखवून 'काय झालं सांगा' म्हणायचं. जगातल्या कितीतरी भाषांत हीच फीत वापरली गेल्यामुळे तुलना सोपी जाते. 'त्याने टोपली उचलली' की 'तो टोपली उचलला' हे एका बैठकीत कळतं. पण यात 'मी' जवळपास येत नाही, म्हणून ही एकटी पुरणार नाही.

जुना पुरावाही आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा, १९०५ चा. त्यात ठिकठिकाणच्या बोलींत बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतरित करून घेतली आहे. भाषांतर म्हणून ती संशयास्पदच. बहुतेक ठिकाणी लिहून देणारा कचेरीशी संबंध असलेला शिकलेला माणूस असणार. तरीही तुमच्या कामाची एक गोष्ट त्यात अडकून बसलीय: तो मुलगा परत येतो आणि बापाला म्हणतो, 'मी पाप केलं.' पहिला पुरुष, भूतकाळ, सकर्मक, गोष्टीतला हा भाग असलेल्या प्रत्येक नमुन्यात. नकाशावर ठिकाणं मांडा आणि कुठे 'केलं', कुठे दुसरं काही, एवढंच नोंदवा. एका दुपारीत सव्वाशे वर्षांपूर्वीचं एक चित्र हातात येतं. मग डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेचा मराठी बोलींचा सर्वेक्षण प्रकल्प ऑनलाइन पाहा. तिथे जिल्हावार रेकॉर्डिंगं आणि नोंदी आहेत. कन्नडपासून लांबच्या जिल्ह्यांत 'केलो'सारखं काही आहे का, हे त्यात आधी तपासा. असलं तर तुमचा संपर्काचा दावा लंगडा होतो; ते प्रबंध जमा केल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

लिप्यंतर देवनागरीत करा, हरकत नाही, पण प्रत्येक वाक्याखाली प्रत्यय तोडून त्यांचे अर्थ लिहा, 'खाल्लीस' मी वर सोडवलं तसं. यासाठी लायप्झिगचे सर्वमान्य नियम आहेत. ते पाळले की कन्नड न येणाऱ्या वाचकालाही तुमचं कन्नड वाक्य तपासता येतं. ऐकताऐकता लिहायला ईलान हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. शिकायला आठवडाभर डोकं फिरतं, पण नंतर 'ते वाक्य कुठल्या फाइलमध्ये होतं' हा प्रश्न उरत नाही.

संमती घेताना तुमच्या भागाचं एक वेगळेपण लक्षात ठेवा. सीमाभागात 'तुमची मातृभाषा कोणती?' हा निरागस प्रश्न नाही. कोण कुठल्या बाजूचं, याची चौकशी चाललीय असा समज व्हायला वेळ लागत नाही. मी तो प्रश्न शेवटी ठेवते, आणि त्याऐवजी आधी 'आजीशी कोणत्या भाषेत बोलायचात? दुकानात? भांडताना?' असं विचारते. उत्तरंही जास्त खरी मिळतात. रेकॉर्डिंगचं काय होणार, कोण ऐकणार, नाव येणार की नाही, हे सगळं त्यांच्या भाषेत आधी सांगा.

जगभरच्या भाषांच्या मोठ्या तुलनेबद्दल थोडं, कारण वाचताना ते समोर येईलच. ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये तीस भाषा घेऊन पंचेचाळीस सर्वसाधारण नियम मांडले. आपल्याकडच्या हिंदी, कन्नड आणि बुरुशास्की त्यात होत्या, मराठी नव्हती. आज ग्रॅमबँक या जगभरच्या व्याकरणांच्या ऑनलाइन कोशात २,४६७ भाषा आणि १९५ वैशिष्ट्यं आहेत (२०२३). तिथे मुख्य डोकेदुखी अशी की एकमेकींशी नातं किंवा शेजार असलेल्या भाषा स्वतंत्र पुरावा म्हणून मोजता येत नाहीत. १८८९ मध्येच फ्रान्सिस गाल्टन यांनी टायलर यांच्या मानवशास्त्रीय आकडेवारीवर हाच आक्षेप घेतला होता. तुमचं काम या जातीचं नाही. तुम्हाला नातं आणि शेजारच तपासायचाय. अशा कोशांचा उपयोग एवढाच करा की भूतकाळात कर्माकडे झुकणारं क्रियापद जगात किती ठिकाणी आहे ते कळेल. आणि तिथे 'मराठी' म्हणून जी एक ओळ असते ती छापील व्याकरणातली मराठी असते, तुमच्या गावची नव्हे.

व्याकरणांबद्दल एक सोय सांगते. एस. एन. श्रीधर यांचं कन्नडचं (१९९०) आणि राजेश्वरी पंढरीपांडे यांचं मराठीचं (१९९७) ही दोन्ही व्याकरणं एकाच मालिकेतली, एकाच प्रश्नावलीवर लिहिलेली आहेत. म्हणजे एकीतला मुद्दा दुसरीत त्याच जागी सापडतो. दोन्ही शेजारी उघडून बसा. जोडीला मोरो केशव दामले यांचं १९११ चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ठेवा. प्रयोगांचा दामल्यांनी जो कीस काढलाय तो आजच्या कुठल्याही इंग्रजी लेखापेक्षा कमी नाही, आणि कर्तरी राहणाऱ्या सकर्मक क्रियापदांसाठी तुम्हाला त्यांच्याकडेच जावं लागेल.

पदवीचं म्हणाल तर मराठी विभागातून हे होतं, पण गाइडवर बरंच अवलंबून आहे. साहित्याचे गाइड असतील तर भाषाविज्ञानातले सहमार्गदर्शक मागून घ्या. वाक्यरचना आणि क्षेत्रकार्य यांचं किमान एकेक सत्राचं शिक्षण तुम्हाला लागेल. डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग, म्हैसूरची भारतीय भाषा संस्था इथे चौकशी करा. तुम्ही नोकरी सांभाळून करणार असाल तर गावं कमी करा, गट कमी करू नका. पूर्णवेळ असाल तर रत्नागिरीकडचं एक गाव जोडा. प्रबंध मराठीत लिहायला काहीच अडचण नाही. एक लेख मात्र इंग्रजीत काढा, म्हणजे कन्नडवर काम करणाऱ्यांपर्यंत पोचेल आणि ते तुमच्या चुका दाखवतील.

सिनॉप्सिसच्या आधी फोनवर एका घरातलं तासभराचं मोकळं बोलणं, त्यांना विचारून, रेकॉर्ड करा. त्यातली भूतकाळी सकर्मक वाक्यं वेगळी काढा. मग शीर्षकाच्या जागी असं काही लिहा: 'गडहिंग्लज परिसरातील मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाचा कर्त्याशी होणारा मेळ: कन्नड-संपर्क की अंतर्गत बदल?' तासाभरात 'तो काम केला' एकदा जरी सापडलं, तर मला त्या वाक्याच्या मागची-पुढची दोन-दोन वाक्यं पाठवा, आणि बोलणाऱ्याच्या घरी आजी कोणत्या भाषेत बोलायची तेही.